मिळवतें रोप : डोंगरी कुरणांतील क्लोव्हरची कथा

समुद्रांत राहून तहानेनें व्याकुळ व्हावें, अशी पाळी एखाद्या खलाशावर येते, हें आपण ऐकतों. पण वनस्पतींवर ती नित्याचीच असते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आपल्या भोंवतालच्या हवेचे शेंकडा ७८ भाग नत्रवायु, म्हणजे नायट्रोजन, आहे. एक चौरस मीटर जमीन घेतली, तर तिच्या माथ्यावरील हवेच्या स्तंभांत सुमारें पावणेआठ टन नत्र भरतें. पानाचा हिरवेपणा, दाण्यांतील सत्त्व, दुधांतील पौष्टिक अंश, वाढत्या मुलाच्या अंगावरचें मांस, या सर्वांस हेंच नत्र लागतें. असें असूनहि गवताचें पातें या महासागरांत उभें राहून नत्रावांचून पिवळें पडतें! कारण हवेंतील नत्राचे दोन परमाणु तिहेरी बंधनानें एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं, तें बंधन तोडण्याचें सामर्थ्य कोणत्याच झाडाच्या, पशूच्या किंवा मनुष्याच्या देहांत नाहीं.

तें सामर्थ्य सृष्टीनें ठेवलें आहे तें कांहीं थोड्या सूक्ष्म जंतूंपाशीं. त्यांपैकीं कांहींनीं विशिष्ट वनस्पतींशीं घरोबा केला आहे, आणि थंड देशांतील डोंगरी कुरणांचें सारें ऐश्वर्य या घरोब्यावर उभें आहे. हा विषय शेतकऱ्यांचा, घरांत बसून मासिक वाचणाऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु घरांत मिळवतें कोण, खाणारीं किती, आणि बाहेरून आयता पैसा येऊं लागला म्हणजे मिळवत्याचें काय होतें, हे प्रश्न ज्या कुटुंबांत उठतात, त्या कुटुंबास ही कथा परकी वाटूं नये.

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स नांवाचा देश आहे. त्याच्या मध्यभागीं कॅम्ब्रियन पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. शिखरें फार उंच नाहींत; पण पाऊस जवळजवळ बारा महिने, वारा बोचरा आणि ऊन बेताचें. अशा सततच्या पावसानें जमिनींतील चुना धुऊन जातो, माती आंबट होते, आणि थंडीमुळें पालापाचोळा पुरता न कुजतां काळ्या, ओलसर थराच्या रूपानें सांचत राहतो. या थरांत नत्र पुष्कळ असतें. पण तें कुलूपबंद पेटींतल्या दागिन्यांसारखें, उपाशी पोटाला त्याचा उपयोग नाहीं. अशा जमिनीवर नार्डस व मोलिनिया या जातींचें राठ गवत माजतें, उतारावर नेचे पसरतात, आणि मेंढी तेथें नाइलाजानें तोंड घालते. या डोंगरांवर पिढ्यान् पिढ्या मेंढ्या पाळून राहणारीं कुटुंबें आहेत. कुरणांत पोषण किती, यावरच कोंकरें किती धडधाकट निपजणार आणि घर डोंगरावर टिकणार कीं खालीं शहरांत उतरणार, हें पुष्कळ अंशीं ठरतें.

या कुरणांतील मिळवतें रोप म्हणजे पांढरें क्लोव्हर. हें गवत नव्हे. आयुर्वेदानें धान्यांचे शूकधान्य आणि शमीधान्य असे वर्ग सांगितले आहेत. त्यांतील शमीधान्यांचें, म्हणजे शेंगेंत दाणे धरणाऱ्या कडधान्यांचें, जें कुल, त्याच कुलांतील हें एक ठेंगणें रोप आहे. एका देंठावर तीन पानें, पुष्कळदां त्या पानांवर फिकट चंद्रकोर, आणि बारीक बारीक पाकळ्यांचा पांढरा गेंद, असें त्याचें रूप असतें. आपल्या अंगणांतील आंबुटीच्या पानाशीं तें दुरून मिळतेंजुळतें दिसलें, तरी त्या दोघांचें नातें नाहीं. आपल्या घरांतील मेथी मात्र त्याची जवळची नातलग आहे. क्लोव्हरचें खोड वर न वाढतां जमिनीसरपट धांवतें आणि पेऱ्यापेऱ्यास मुळें सोडतें. या मुळांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनहि लहान गांठी असतात. भुईमुगाचा वेल उपटतांना त्याच्या मुळांवर तशाच गांठी ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस अधिक वर्णनाची जरूर नाहीं.

शेंगेच्या कुलांतील पिकानें जमीन सुधारते, हें ज्ञान शास्त्रज्ञांच्या किती तरी आधींचें आहे. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडीं ‘बेवड’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. आधींचें पीक निघून गेल्यावर तें जमिनींत जो गुणावगुण ठेवून जातें, तो त्याचा बेवड. आणि हरभऱ्याचा बेवड चांगला, हें त्यास कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नाहीं. प्राचीन रोमन शेतकऱ्यांसहि ही गोष्ट ठाऊक होती. परंतु असें कां होतें, याचा उलगडा होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८३८ सालीं बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें भाजलेल्या वाळूंत क्लोव्हर व गहूं लावून दाखविलें कीं, क्लोव्हरच्या अंगीं नत्राची भर पडते, गव्हाच्या पडत नाहीं. पुढें अधिक काटेकोर प्रयोग झाले. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८५७ व ५८ सालीं माती नीट तापवून, रोपें कांचेखालीं झांकून परीक्षा केली, तेव्हां शेंगेच्या रोपांनाहि हवेंतील नत्र घेतां येत नाहीं, असा उलट निर्णय निघाला. येथें सृष्टीनें विद्वानांची मोठी मौज केली. मातीची शुद्धि करतांना ज्याचा शोध चालला होता, तो जंतूच भाजून निघाला होता!

हें कोडें १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनीं सोडविलें. निर्जंतुक वाळूंत त्यांचे वाटाणे उपाशी राहिले. पण शेतांतील मातीचें थोडेंसें पाणी त्या वाळूंत घालतांच मुळांवर गांठी धरल्या आणि रोपें तरारलीं. ओटास मात्र त्या पाण्याचा कांहींच लाभ झाला नाहीं. दोनच वर्षांनीं, १८८८ सालीं, हॉलंडमधील बायरिंक यानें गांठींतील जंतु वेगळे काढून वाढविले. आज त्यांस ऱ्हायझोबियम म्हणतात, आणि क्लोव्हरशीं सोयरीक करणारी त्यांची एक विशिष्ट जात आहे. मेथीचे जंतु क्लोव्हरला चालत नाहींत. इतकी ही सोयरीक पारखून केलेली असते.

तिची रीतहि पाहण्यासारखी आहे. क्लोव्हरचें मूळ मातींत एक द्रव्य सोडतें; तें ओळखून जंतु आपलें द्रव्य सोडून उत्तर देतो. ओळख पटली कीं मुळावरील केस वांकडा होऊन जंतूस कुशींत घेतो, आंत एक बारीक नळी तयार होते, तिच्यांतून जंतु मुळाच्या पोटांत शिरतो आणि तेथें त्याच्यासाठीं गांठरूपी खोली बांधली जाते. त्या खोलींत नत्राचें बंधन तोडणारें ‘नायट्रोजिनेज’ नांवाचें विकर काम करतें. त्याच्या घडणींत लोह व मॉलिब्डेनम या धातु असतात. हें विकर मोठें नाजूक. प्राणवायूच्या स्पर्शानें तें नासतें. पण जंतूस जगण्यास तर प्राणवायु हवा! या पेंचांतून रोपानें काढलेला मार्ग असा कीं, आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनचें सख्खें भावंड शोभेल असें एक रंजकद्रव्य तें गांठींत भरतें. तें द्रव्य प्राणवायु धरून ठेवतें आणि जंतूस जेवढ्यास तेवढा पोंचवितें. म्हणून कामाला लागलेली गांठ कापली तर आंतून गुलाबी दिसते. काम संपलेली गांठ हिरवट किंवा राखी दिसते. हें सर्व फुकट होत नाहीं. नत्राचा एक रेणु फोडण्यास शक्तीचे सोळा ‘एटीपी’ रेणु खर्चीं पडतात, आणि त्यासाठीं लागणारी साखर क्लोव्हरला उन्हांत राबून पुरवावी लागते. हेंच काम मनुष्य हाबर व बॉश यांच्या पद्धतीनें १९१३ सालापासून कारखान्यांत करूं लागला; तेथें चारशें ते पांचशें अंश उष्णता आणि हवेच्या शेंकडों पट दाब लागतो. क्लोव्हर तें थंड चिखलांत बसून, आवाज न करतां करतें.

चांगल्या जमिनींत, गवताशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें क्लोव्हर वर्षाकाठीं हेक्टरीं १०० ते २०० किलो नत्र हवेंतून मिळवितें. उंच, थंड व आंबट जमिनींत हा आंकडा निम्म्याहूनहि खालीं येतो. पण जेथें दुसरें कांहींच येत नाहीं, तेथें तेवढेंहि मोठें धन आहे.

आतां प्रश्न असा कीं, क्लोव्हरनें मिळविलेलें गवतास पोंचतें कसें? हातोहात फारच थोडें पोंचतें. कांहीं भाग क्लोव्हरचीं जुनीं मुळें, गांठी व खोडें कुजून मातींत मिसळतो. हा मार्ग संथ आहे. दुसरा मार्ग मेंढीच्या पोटांतून जातो. मेंढी क्लोव्हर आवडीनें खाते, पण त्यांतील नत्राचा लहानसाच अंश मांस, दूध व लोकर यांसाठीं ठेवून घेते. तीन चतुर्थांशांहून अधिक नत्र मूत्र व लेंड्या यांच्या रूपानें जमिनीस परत करते. मूत्रांतील नत्र गवतास लवकर घेतां येतें, म्हणून कुरणांत ठिकठिकाणीं गर्द हिरवे ठिपके दिसतात. मेंढी ही अशी कुरणांतील वाढपी आहे. मात्र ही वाढपी पंक्तिप्रपंच करते. आपल्याकडे धनगरांचे कळप शेतांत बसवून घेण्याची चाल आहे. शेतकरी धनगरास धान्य किंवा पैसे देतो आणि एका रात्रींत शेतास खत मिळतें. वेल्सच्या किंवा न्यूझीलंडच्या डोंगरांत मेंढ्या आपल्या मनानें बसतात, आणि त्यांस रात्रीं विसाव्याला माथ्यावरची किंवा उतारामधली सपाट, कोरडी जागा आवडते. दिवसभर उतारावर चरावें आणि रात्रीं माथ्यावर द्यावें, असें चाललें म्हणजे उतार गरीब होत जातो व माथा श्रीमंत. यासाठीं जाणते मेंढपाळ कुंपणें घालून कळप पाळीपाळीनें फिरवितात.

क्लोव्हर एवढें गुणी असतां सर्व डोंगर त्यानें कां भरून गेले नाहींत? कारण हवेंतून नत्र मिळवितां येतें. स्फुरद व चुना मिळवितां येत नाहीं. आंबट मातींत गांठींचे जंतु नीट जगत नाहींत, आणि स्फुरदावांचून क्लोव्हरचें कांहीं चालत नाहीं. या बाबतींतील पहिला डोळे उघडणारा प्रयोग इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलँडमध्यें कॉकल पार्क येथें झाला. तेथील चिकणमातीचें एक निकृष्ट कुरण प्राध्यापक विल्यम सॉमरव्हिल यांनीं १८९६ पासून प्रयोगास घेतलें. पोलादाच्या भट्टींतून निघणारी ‘बेसिक स्लॅग’ नांवाची मळी दळून त्यांनीं कांहीं तुकड्यांवर पसरली. या मळींत स्फुरद व चुना दोन्ही असतात. लोखंडांतील स्फुरद काढून टाकून ही मळी निर्माण करणारी पद्धति टॉमस व गिलख्रिस्ट या आते-मामे भावंडांनीं १८७० नंतरच्या दशकांत वेल्समधीलच ब्लॅनॅव्हन येथें सिद्ध केली होती. पोलादास जें विष, तें कुरणास अमृत ठरलें! जें रानटी पांढरें क्लोव्हर मुळांत खुरटून पडलें होतें, तें चुना व स्फुरद मिळतांच पसरलें, आणि त्याच्या मागोमाग गवत सुधारलें. सॉमरव्हिल यांनीं गवत कापून तोललें नाहीं. प्रत्येक तुकड्यावर मेंढ्या चारून मेंढ्यांचेंच वजन घेतलें, आणि मळी घातलेल्या तुकड्यांवरील मेंढ्या कितीतरी अधिक भरल्या. मांसाचा हा हिशेब आपल्या घरांत रुचणार नाहीं. पण कुरणाचा गुण चरणाऱ्याच्या अंगावर पाहावा, ही कल्पना वाखाणण्याजोगी आहे.

याची दुसरी बाजू रोथॅमस्टेडच्या ‘पार्क ग्रास’ नांवाच्या गवती रानांत दिसते. १८५६ सालीं आरंभलेला हा प्रयोग आजहि चालू आहे. एकाच रानाचे तुकडे पाडून प्रत्येकास वेगवेगळें खत द्यावयाचें आणि काय उगवतें तें पाहावयाचें, असा तो क्रम. ज्या तुकड्यांस स्फुरद व पालाश दिलें, पण नत्र दिलें नाहीं, तेथें शेंगेच्या कुलांतील रोपें भरघोस झालीं. ज्यांस अमोनियम सल्फेटाच्या रूपानें भरपूर नत्र दिलें, तेथें गवत उंच माजलें आणि हीं रोपें जवळजवळ नाहींशीं झालीं. कारण उघड आहे. आयतें नत्र मिळालें कीं उंच गवत झपाट्यानें वाढून ठेंगण्या क्लोव्हरचें ऊन अडवितें. शिवाय क्लोव्हरहि मातींत तयार नत्र दिसलें कीं हवेंतून मिळविण्याचा खटाटोप कमी करतें. साखर खर्चून कष्ट करण्यापेक्षां समोरचें ताट ओढावें, हा विचार वनस्पतींतहि आहे. म्हणजे कुरणास जें स्वतः मिळवितां येत नाहीं तें दिलें, तर मिळवतें रोप घरांत येतें; जें स्वतः मिळवितां येतें तेंच बाहेरून ओतलें, तर तें घरांतून जातें. या लेखांत सांगावयाचें सार एवढेंच आहे.

हें सार डोंगरावर प्रत्यक्षांत आणण्याची खटपट वेल्समध्यें सर जॉर्ज स्टेपल्डन यांनीं केली. अबेरिस्टविथ येथें १९१९ सालीं निघालेल्या वनस्पति-संवर्धन केंद्राचे ते पहिले संचालक. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डोंगराळ भागांस मानवणारीं, लहान पानांचीं, काटक पांढरीं क्लोव्हरें निवडून काढलीं, आणि १९३० नंतरच्या दशकांत कॅम्ब्रियन पर्वतांतील हजार फुटांहून उंच रानें फोडून, चुना व स्फुरद घालून, तेथें क्लोव्हर-गवताचीं कुरणें उठविलीं. पण बीं पेरलें म्हणजे काम संपलें, असें नाहीं. क्लोव्हरचें खोड जमिनीलगत असल्यानें मेंढी त्याचीं पानें खाते, पण वाढीचा कोंब सहसा वांचतो. म्हणून बेताच्या चराईनें गवत खालीं राहून क्लोव्हरला ऊन मिळतें. चराई अगदींच सोडली तर गवत त्यास झांकून टाकतें. वर्षभर सतत चारलें तर मेंढ्या निवडून क्लोव्हरच खातात व तें खुरटतें. मेंढीचे दांत हें अशा रीतीनें नांगराइतकेंच शेतीचें अवजार आहे, आणि तें केव्हां चालवावें व केव्हां थांबवावें, यांतच मेंढपाळाचें सारें कसब आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतलें नत्र स्वस्त झालें आणि ब्रिटनमधील पुष्कळ कुरणांतून क्लोव्हर मागें पडलें. न्यूझीलंडांत क्लोव्हर मूळचें नव्हे. युरोपीय वसाहतवाल्यांनीं तें मेंढ्यांबरोबर नेलें. १९४९ सालापासून तेथें विमानांतून डोंगरांवर सुपरफॉस्फेट टाकण्याचा धंदा सुरू झाला, आणि दीर्घकाळ त्या देशाच्या दूध-लोकरीचा पाया क्लोव्हर हाच होता. १९९० नंतर मात्र तेथील सपाटीच्या गोठ्यांतून युरियाचा वापर झपाट्यानें वाढला. नद्या व भूजल यांत नत्र झिरपूं लागल्यानें २०२१ सालीं सरकारास कुरणांवरील कृत्रिम नत्रावर हेक्टरीं वर्षाला १९० किलोंची मर्यादा घालावी लागली. पुढच्याच वर्षीं, २०२२ सालीं, युक्रेनमधील युद्धामुळें नैसर्गिक वायु महागला. कारखान्यांतील नत्र या वायूपासूनच होतें, म्हणून खतांच्या किंमती अनेक पटींनीं चढल्या, आणि क्लोव्हर विसरलेल्या शेतकऱ्यांस त्याची आठवण झाली. परंतु मातींत स्फुरद नसेल, बीं नसेल आणि चराईचें कसब विसरलेलें असेल, तर मिळवतें रोप एका हंगामांत परत येत नाहीं. घालविण्यास सोपें, आणण्यास अवघड, अशीच ही वस्तु आहे.

क्लोव्हर निर्दोष आहे, असें मात्र कोणी समजूं नये. तें वसंतांत गवताहून उशिरा जागें होतें, म्हणून टंचाईच्या वेळीं नेमकें उपयोगीं पडत नाहीं. गुरांनीं भुकेल्या पोटीं तें अति खाल्लें तर पोट फुगून प्राणावर बेततें. मूत्राचा ठिपका जेथें पडतो, तेथें नत्र गवताच्या भुकेहून अधिक होतें व त्यांतील कांहीं पाण्याबरोबर वाहून जातें, मग तें क्लोव्हरनें मिळविलेलें कां असेना. त्याचे शत्रूहि आहेत. १९९६ सालीं न्यूझीलंडांत एक युरोपीय सोंडकिडा आढळला. त्याच्या अळ्या नेमक्या क्लोव्हरच्या गांठीच खातात. त्यास आवर घालण्यासाठीं २००६ सालीं आयर्लंडांतून आणलेली एक सूक्ष्म गांधीलमाशी सोडावी लागली. शिवाय प्रत्येक डोंगर क्लोव्हरखालीं आणावा, हेंहि बरें नव्हे. कांहीं रानें गरीब मातींतच शोभतात. तेथील दुर्मिळ फुलें व पक्षी, आणि काळ्या थरांत सांठलेला कर्ब, यांचें मोल मेंढ्यांच्या वजनांत होत नाहीं. चुना आणि नांगर कोठें न्यावा व कोठें नेऊं नये, हा विवेक पाहिजेच.

मुलांस शिकवितांनाहि हाच प्रश्न येतो. दिवा, पाटी आणि पुस्तक हीं मुलास स्वतः मिळवितां येत नाहींत, तीं द्यावींत; उत्तर त्यास स्वतः मिळवितां येतें, तें देऊं नये. उत्तर आयतें दिलें, तर वही लवकर भरते, पण मिळविण्याची शक्ति सुकते. वेल्सच्या डोंगरावरील तीन पानांच्या रोपानें हें कांहीं नवें शिकविलें नाहीं. पण दिडशेंहून अधिक वर्षें तोलून, मोजून, तुकड्या-तुकड्यांवर लिहून ठेवलेला त्याचा पुरावा मात्र दिला आहे. पुढच्या वेळीं बाजारांतून मुळांसकट मेथीची जुडी घरीं आली, तर निवडतांना तीं मुळें एकदम केरांत न टाकतां धुऊन पाहावींत. एखादी गांठ दिसलीच, तर ती नखानें फोडून मुलांस दाखवावी. आंत गुलाबी छटा असली, तर त्या इवल्याशा खोलींत अगदीं कालपरवांपर्यंत काम चाललें होतें, असें खुशाल समजावें.